पोपटवाल्याचं पुस्तक

नव्वदच्या दशकात शहापूरच्या बाजारात एक पोपटवाला बसायचा. पोपट चोचीने पत्ता ओढायचा. पत्त्यांवर जुन्या दरबारी थाटाची चित्रं होती, राजा, हत्ती, गलबत वगैरे. सोबत एक जाड पुस्तक, त्यात प्रत्येक चित्राचा अर्थ छापलेला. पोपटवाल्याला वाचता येत नव्हतं, त्यामुळे आपलं भविष्य आपणच मोठ्यानं वाचायचं. मग तो टोपी मागे सारून त्यात दुरुस्ती करायचा.

माझ्या पुढच्या माणसाला 'राजदरबारी मान' निघाला.

"म्हंजे भातसानगरला धरणावर शिपाई," पोपटवाला म्हणाला. "पुस्तक पुण्यात छापलंय. त्याला आपला तालुका काय ठावं?"

मी डी.एड. होऊन नोकरीच्या ऑर्डरची वाट पाहत होते. मला गलबत आलं. 'समुद्रपार प्रवास,' मी वाचलं. त्यानं माझ्या चपला बघितल्या आणि म्हणाला, "धरणाच्या पल्याड."

दोन महिन्यांनी ऑर्डर आली. शाळा खरंच धरणाच्या पाण्यापलीकडे होती, जायला होडी. मी पेढे घेऊन गेले. त्यानं पहिला पेढा पोपटाला दिला आणि पेन्सिल माझ्या हातात.

"खरं झालं ते पानावर लिवा, ताई."

गलबताच्या पानावर आधीच तीन वेगवेगळी अक्षरं होती. मी वाचून दाखवली. आटगाव. कल्याण. दुबई.

"ते दुबई, जो गेला त्याच्या बायकोनं लिवलं," तो म्हणाला. "तो माझं न ऐकता पुस्तकावर गेला. अजून आला नाय."

मी खाली 'धरण' लिहिलं. मग जरा थांबून पुढे जोडलं, 'रोज संध्याकाळी परत.'