वाट क्रमांक चार

आमचे आतोबा जमीन मोजणीच्या कार्यालयात चौतीस वर्षं मोजणीदार होते. साहेब कागदावर रेघ मारायचे आणि आतोबा तीच रेघ चिखलात जाऊन मारायचे. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी घर मोजायला काढलं. स्वयंपाकघर आत्याच्या समजुतीपेक्षा अकरा सेंटिमीटरने लहान निघालं.

"एवढी वर्षं मी मावतेय ना त्यात?" आत्या म्हणाली. "मग झालं तर. आता बाहेर जा आणि बाहेरचं मोजा."

आतोबा बाहेर गेले. आमच्याकडे बाहेर म्हणजे सपाट. इतकं सपाट, की पाण्यालाही कुठे जावं ते कळत नाही, म्हणून त्याच्यासाठी चर खणून ठेवलेत. सगळ्यात उंच जागा समुद्राकडचा मातीचा बांध, चरांचं पाणी समुद्रात सोडायची दारं असलेला. त्याची उंची चार मीटर. पाहुणे आले की आम्ही त्यांना त्यावर नेतो आणि तिथून दिसणारं सपाट दाखवतो.

आतोबांकडे दांड्याला लावलेलं मोजायचं चाक होतं. एक फेरा म्हणजे एक मीटर, आणि दांड्याशी आकडे फिरायचे. ते ढकलत ते रोज सकाळी कुरणांतून, चरांच्या काठाने, बांधावरून चालायचे. तालुक्याच्या पर्यटन कार्यालयातल्या मॅडमना हे कळलं. त्यांना निवांत चालण्याच्या वाटांचं एक माहितीपत्रक काढायचं होतं. आतोबांनी तीन आठवड्यांत सात वाटा लिहून दिल्या. प्रत्येकीची लांबी, लागणारा वेळ आणि थोडं वर्णन. वाट क्रमांक चारचं वर्णन असं होतं: "बांधावरून पाण्याच्या दारांपर्यंत आणि त्याच वाटेने परत. ४२०० मीटर. एक तास पाच मिनिटे. चढ नाही. उतार नाही. जाताना डावीकडे समुद्र."

"काका, थोडं मनमोहक लिहा ना," मॅडम म्हणाल्या.

"काय मनमोहक आहे?"

"निसर्ग."

"कितव्या मीटरला?"

मॅडमनी मग निसर्ग स्वतःच घातला. पण शेवटचा रकाना आतोबांनी सोडला नाही. त्यात सातही वाटांपुढे एकच शब्द होता: सोपी.

पत्रक निघाल्यावर पाचव्या आठवड्यात पत्र आलं. मॅडमनी ते आतोबांच्या हातात दिलं. ते टाइप केलेलं होतं, एकही खाडाखोड नाही.

"महोदय, आपण वाट क्रमांक चार सोपी म्हटली आहे. काल मी ती चालले. परतताना पाण्याच्या दारांपासून अर्ध्या किलोमीटरवर मी रडले. बसायला तिथे काही नव्हते म्हणून जमिनीवर बसले. उठता येईना. सदतीस मिनिटांनी एक मेंढपाळ आला, त्याने उठवले. सोपी या शब्दाचा कृपया खुलासा करावा." खाली सही, आणि सहीखाली "निवृत्त टंकलेखिका".

आतोबांना ते फार लागलं. त्यांनी आधी पत्राचे समास मोजले. चारही बाजूंना अडीच सेंटिमीटर होते. मग चाक घेऊन वाट क्रमांक चार पुन्हा मोजली. ४२०३ भरली. एवढा पुरावा हाती आल्यावर ते पत्त्यावर जाऊन थडकले.

टायपिस्ट बाई एका बंद पडलेल्या दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. टेबलावर टाइपरायटर, त्याच्यावर शिवलेलं झाकण, खुर्चीच्या पाठीला काठी अडकवलेली. आठ महिन्यांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितलं होतं, आणि आमच्याकडे सपाटीला तोटा नाही.

"बाई, तीन मीटरचा फरक निघाला, तो मी मान्य करतो," आतोबा उभ्याउभ्याच म्हणाले. "पण चढ नाही."

"आहे. येताना आहे."

"मी स्वतः पातळी काढलीय तिथली."

"मग माझ्याबरोबर चला," बाई म्हणाल्या आणि काठी काढली.

जाताना वारा पाठीवर होता. बाई हळू पण बऱ्या चालल्या. वाटेत त्यांनी आपल्या जुन्या कार्यालयातल्या तीन साहेबांच्या शुद्धलेखनाच्या चुका तोंडपाठ म्हणून दाखवल्या. आतोबा दर शंभर पावलांनी थांबून मागे बघत होते. पाण्याच्या दारांशी दोघं वळले आणि वारा समोर आला.

आतोबा त्या वाऱ्यात शेकडो वेळा चालले होते. टोपी खाली ओढायची आणि पाय उचलायचे, एवढंच त्यांना ठाऊक. आता त्यांनी बघितलं, की बाई कमरेतून वाकल्यात, काठी टेकते आणि सरकते, आणि एक पाऊल पडायला जिथे एक श्वास लागत होता तिथे चार लागतायत. अर्ध्या किलोमीटरवर बाई थांबल्या. रडल्या नाहीत. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. टेकायला खांब नाही, झाड नाही, दगड नाही. नजर जाईल तिथवर गवत.

आतोबांनी चाकाचा दांडा पुढे केला. "हे धरा."

बाईंनी एका हातात काठी, दुसऱ्यात दांडा धरला.

"सरळ धरा," आतोबा म्हणाले, "आकडा चुकतो."

त्या फेरीला दोन तास पन्नास मिनिटं लागली. शेवटी शेवटी बाईंनी विचारलं, "तुमच्या मिसेस येतात का चालायला?"

"तिला आवड नाही."

"विचारलंत?"

आतोबांनी चाकावरचा आकडा बघितला. घरी येऊन मात्र विचारलं. मी शेजारीच राहते आणि तेव्हा आत्याकडे शेंगा सोलत बसले होते, म्हणून मला हे माहीत.

"अगं, तुला चालायची आवड आहे का?"

आत्याने हातातली शेंग खाली ठेवली. "लग्न झाल्यावर एकदा आले होते की तुमच्याबरोबर. बांधावर."

"मग?"

"मग काय? तुम्ही वीस पावलं पुढे. जाऊन येईपर्यंत मला फक्त तुमचा शर्ट दिसला. निळा होता. पाठीवर उसवलेला. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, छान फिरणं झालं. मी तो शर्ट शिवून टाकला आणि पुन्हा आले नाही."

"सांगायचंस तरी."

"वीस पावलांवरून?"

आतोबा अंगणात जाऊन उभे राहिले. आत्याने खिडकीतून डोकावून बघितलं. "काही मोजत नाहीयेत," ती मला हळूच म्हणाली. "लागलंय मनाला."

पुढच्या रविवारी तिघं निघाले. आत्या आणि टायपिस्ट बाई यांचं पहिल्या दोनशे मीटरमध्येच जमलं. आतोबांना सगळ्यात अवघड गेलं ते हळू चालणं. दर थोड्या वेळाने आत्या नुसतं "अहो" म्हणायची, आणि ते जागच्या जागी थांबायचे. त्या फेरीला तीन तास वीस मिनिटं लागली, आणि आतोबांनी ती वहीत न कुरकुरता लिहिली. महिनाभरात त्यांनी दोघींसोबत सातही वाटा अशाच चालून काढल्या.

पत्रकाच्या दोन हजार प्रती छापून पडल्या होत्या. नव्या छापायला मॅडम तयार नव्हत्या. तेव्हा बाईंनी चिठ्ठ्या टाइप केल्या, आत्याने त्या कापल्या आणि आतोबांनी पट्टी लावून एकेक चिकटवली, बरोबर "सोपी" या शब्दावर. अकरा सेंटिमीटर कमी असलेल्या स्वयंपाकघरात हे काम दोन महिने चाललं. वाट क्रमांक चारच्या चिठ्ठीवर होतं: "येताना वारा समोरून. दुखऱ्या गुडघ्याला तीन तास. बसायला काही नाही."

"बसायला काही नाही असं कुणी पत्रकात लिहितं का?" मॅडम कळवळून म्हणाल्या.

"नाही म्हणूनच लिहिलंय," आतोबा म्हणाले.

मॅडमनी तक्रार वर पाठवली. वरच्या साहेबांनी पत्रक वाचलं. त्यांच्या आईचा गुडघाही तसलाच निघाला. सहा महिन्यांनी बांधावर एक बाक मंजूर झाला.

बाक बसवायला दोन कामगार आले. आतोबांनी त्यांना जागा खुंटी ठोकून दिली होती. पण कामगारांनी त्या दिवशी समुद्रावरून येणारा वारा बघितला आणि बाक उलटा बसवला, समुद्राकडे पाठ करून. आतोबा तावातावाने निघाले, तक्रार अर्ज खिशात घालूनच. दोघी त्यांच्या आधी जाऊन बाकावर बसल्या होत्या. समोर कुरण, त्यात मेंढ्या, त्यापलीकडे आणखी कुरण.

"समुद्र मागे राहिला," आतोबा म्हणाले.

"तो ऐकू येतोय," आत्या म्हणाली. "बसा."

मधे जागा थोडी कमी होती. आत्या सरकली, बाईंनी काठी मांडीवर घेतली, आणि आतोबा बसले. काळ्या तोंडाची एक मेंढी चराच्या काठाशी आली, तिने तिघांकडे बराच वेळ बघितलं आणि ती पुन्हा चरायला लागली.