आत्याला कोणी न्हाऊ घातलं

राहेलआत्या गेली तो मंगळवार होता. सकाळी तिच्या शेजारणीचा फोन आला. आत्यानं दूध घ्यायला दार उघडलं नव्हतं. मी नाशिक रोडला पोहोचले तेव्हा दार उघडलेलं होतं, डॉक्टर येऊन गेले होते आणि आमच्या चर्चमधल्या बायका यायला लागल्या होत्या.

थोड्याच वेळात बाहेरच्या खोलीत बसायला जागा उरली नाही. बायकांनी गीतं म्हणायला सुरुवात केली. एक संपलं की कुणीतरी लगेच दुसरं धरायचं. मध्ये जराही शांतता होऊ नये असं सगळ्यांनाच वाटत असावं, कारण शांतता झाली असती तर कुणाला तरी विचारावं लागलं असतं, की आत्याला अंघोळ कोण घालणार? मी आत जाऊन गॅसवर पाण्याचं मोठं पातेलं ठेवलं. पाणी तापलं. मी गॅस बारीक केला, मग बंद केला, मग थोड्या वेळानं पुन्हा लावला...

वाचणाऱ्याला हे चमत्कारिक वाटेल. माणूस गेलं की शेवटची अंघोळ घालायला घरचे असतातच. आमच्यातही पूर्वी तसंच होतं. पण गेली कितीतरी वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, एखाद्या घरी बाई गेली, मूल गेलं, की राहेलबाईंना निरोप जायचा आणि त्या यायच्या. पुरुषांना घरचे पुरुष अंघोळ घालत, पण तेही आत्याला दाराबाहेर उभं करून, ती सांगेल तसं. तिला हे काम कुणी दिलं नव्हतं. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. आतोबा प्रेसमधल्या नोकरीत असतानाच वारले आणि मूलबाळ नव्हतं. एकदा शेजारच्या घरी सगळे नुसतेच रडत बसले होते म्हणून ती उठली आणि तिनं पाणी तापवलं. पुढच्या वेळी लोकांनी तिलाच बोलावलं. एवढंच.

मी इगतपुरीहून कॉलेजसाठी तिच्याकडे राहायला आले ते नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास. वडील रेल्वेत होते. मी अबोल, सदा पुस्तकात डोकं. आत्याला ते चालायचं. निरोप आला की ती हातातलं काम ठेवायची, कपाटातून जुन्या पातळांच्या फाडलेल्या पट्ट्या, कापूस आणि नखं काढायची छोटी कात्री घ्यायची आणि निघायची. एकदा माझ्या मैत्रिणीची आई गेली तेव्हा मी तिच्याबरोबर गेले आणि दारातून पाहिलं. आत्यानं आधी घरच्यांना विचारलं, "अंगाला कुठला साबण लावायच्या?" मग तोच साबण मागून घेतला. मे महिना होता, तरी पाणी गरमच हवं. सून म्हणाली, "आता काय फरक पडतो, आत्या?" तर म्हणाली, "तू गार पाण्यानं कुणाला अंघोळ घालशील का? मग?" आणि काम करताना ती बोलत होती. आमच्याशी नव्हे, त्या बाईंशी. "हं, आता हा हात. झालं. आता जरा कुशीवर व्हायचं..." लहान मुलांना वर्गात सांगावं तसं. मैत्रीण रडायची थांबली आणि ऐकत राहिली. मी मात्र मागे सरले.

आत्या वचनं पाठ म्हणून दाखवणाऱ्यांतली नव्हती. प्रार्थना मोठ्यानं करायची वेळ आली की आटोपती घ्यायची. चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायची आणि उपदेश लांबला की चक्क पेंगायची. मी एकदा तिला छेडलं, "आत्या, इतकं करतेस, ते प्रभूसाठीच ना?" ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्याच्यासाठी काय करायचं? त्याला काय कमी आहे? त्या बाईचे केस गुंतले होते गं." मला हे उत्तर तेव्हा अपुरं वाटलं होतं.

बायका तिची थट्टा करायच्या. कमलताई म्हणून आमच्या महिला मंडळाच्या सेक्रेटरी होत्या, त्या म्हणायच्या, "राहेलबाई दारात दिसल्या की छातीत धस्स होतं बाई. कुणाचा नंबर लागला?" आत्या त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळायची आणि म्हणायची, "तुझा नाही, कमल. आधी जरा वजन कमी कर. मला एकटीला उचलायचंय." सगळ्या हसायच्या. कमलताई सगळ्यांत मोठ्यानं.

मग सारूबाईंचा मुलगा गेला. सारूबाई दिंडोरीकडच्या खेड्यातून आल्या होत्या आणि अंबडला एका खोलीत राहायच्या. मुलगा तिथल्याच एका कारखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. त्याला एड्स झाला होता. तो शब्द तेव्हा लोक तोंड झाकून उच्चारायचे. दवाखान्यातून देह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आला आणि बरोबर 'उघडू नका' अशी ताकीद. मंडळीतले पुरुष रस्त्याच्या पलीकडे उभे राहिले. चर्चच्या पाळकांनी तिथूनच प्रार्थना केली. आत्या ओळखीच्या एका नर्सकडे गेली, काय काळजी घ्यायची ते नीट विचारलं, रबरी हातमोजे आणि ब्लीचिंग पावडर घेऊन आली आणि सारूबाईंना म्हणाली, "चला, आपण दोघी करू. आईनं घातलेली अंघोळ आहे, कोण काय बोलणार?" सारूबाई म्हणाल्या, "बाई, तुमी नगा हात लावू. तुमाला लोकात ऱ्हायचंय." आत्यानं हातमोजे चढवले आणि विचारलं, "साबण कुठला लावायचा तो?"

लोक बोलले नाहीत. त्यांनी दुसरंच केलं. आमच्या महिला मंडळाची दर आठवड्याला एकीच्या घरी प्रार्थना असते आणि त्या घरी चहा-फराळ होतो. आत्याची पाळी आली. तिनं सकाळपासून खपून साटोऱ्या केल्या होत्या. प्रार्थना झाली. ताटल्या पुढे आल्या तेव्हा पहिली म्हणाली, "मला नको, आज माझा उपास आहे." दुसरी म्हणाली, "माझाही." कमलताई म्हणाल्या, "मी तर तीन दिवसांचा धरलाय." सगळ्या खोलीचा उपास निघाला. मी स्वयंपाकघराच्या दारात ट्रे घेऊन उभी होते. सगळ्या गेल्यावर आत्या खुर्चीत बसली, एक साटोरी उचलली आणि म्हणाली, "वीणे, आपल्या मंडळीत एवढी जागृती मी आजवर पाहिली नव्हती. एकाच दिवशी सगळ्यांचा उपास!" आणि पोट धरून हसली. मग हसणं थांबलं, आणि साटोरी तिच्या हातात तशीच राहिली.

पुढे तिची पाळी येईनाशी झाली. कुणी ठरवून काढली असं नाही. यादी नव्यानं केली तेव्हा ती त्यात नव्हती. मात्र कुणी वारलं की निरोप पूर्वीसारखाच यायचा, आणि ती पूर्वीसारखीच जायची. ती तिथे असेपर्यंत त्या घरात चहा व्हायचा नाही. ती निघाली की आधण ठेवलं जायचं.

वडिलांच्या कानावर हे गेलं. ते इगतपुरीहून मुद्दाम आले. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले होते, पण सगळं ऐकू येत होतं. ते म्हणाले, "राहेल, आपल्या आजोबांना गावात मेलेली गुरं ओढायला लावायचे. ते सुटावं म्हणून त्यांनी धर्म घेतला. गाव सोडलं, शिव्या खाल्ल्या. आणि तू तेच पुन्हा घरात आणलंस?" आत्यानं तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्यांना लावायचे, दादा. मला कोण लावतंय?"

"पण लोक शिवत नाहीत तुझ्या ताटाला!"

"नाही शिवत. उपास करतात. करू देत, पोटाला बरं असतं."

वडील हसले नाहीत. जाताना दारात चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "त्यांचेही आजोबा तेच करत होते गं..." आणि वाक्य अर्धवट सोडलं. ते अर्धं वाक्य मला इतक्या वर्षांत पुरं करता आलेलं नाही. ज्यांच्या घरच्यांना पाणवठ्यावर उभं राहू दिलं जात नव्हतं, ज्यांना त्याच अपमानातून उठवलं असं आम्ही दर रविवारी कृतज्ञतेनं म्हणतो, त्या आम्हीच आमच्यातल्या एका बाईला शोधून काढलं आणि तिच्याभोवती ती जुनी रेघ ओढली. आणि तीही कशासाठी, तर आमच्याच आयांना तिनं गरम पाण्यानं न्हाऊ घातलं म्हणून.

पुढे मी नोकरीला लागले, एका कॉलेजच्या ग्रंथालयात. लग्न झालं, गंगापूर रोडला राहायला गेले. आत्या निवृत्त झाली, गुडघे दुखायला लागले, तरी जायची. मंडळाच्या वार्षिक सभेत ती उठून म्हणायची, "कुणीतरी माझ्याबरोबर या गं. शिकण्यासारखं फार काही नाही. मी गेल्यावर अडायला नको." बायका म्हणायच्या, "असं अभद्र बोलू नका हो, राहेलबाई, तुम्ही शंभर वर्षं जगणार!" आणि पुढचा विषय निघायचा. मला तिनं कधीच विचारलं नाही. मला त्याचं बरं वाटायचं.

तर त्या मंगळवारी गीतं चालू होती आणि पाणी तिसऱ्यांदा तापलं होतं. पाळकबाई आत येऊन हळूच म्हणाल्या, "वीणाताई, आता शवपेटीची गाडी येईल. नुसतं तोंड पुसून साडी बदलली तरी चालेल. प्रभू अंतःकरण पाहतो." मी मान हलवली. मी नकार द्यायला हवा होता. मी तिची भाची होते, तिच्या घरात राहून शिकले होते आणि तिच्या पलंगापासून चार हातांवर पातेलं धरायच्या फडक्याची घडी करत उभी होते.

तेवढ्यात दारात गडबड झाली. सारूबाई आल्या होत्या. आता बऱ्याच म्हाताऱ्या झाल्यात. अंबडहून दोन बस बदलून आल्या होत्या, चप्पल तुटलेली, ती हातात. बायकांमधून वाट काढत त्या आत आल्या, पलंगाजवळ उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "अजून तशाच हायत बाई? पानी तापवलं का न्हाई?"

"तापवलंय," मी म्हणाले.

"मग आन की. दार लाव. आन् बाईंचा साबन दे."

मोरीत साबणाच्या नव्या वडीला जुन्या वडीची पातळ चकती चिकटवलेली होती. मी तीच दिली. सारूबाईंनी पदर खोचला. त्यांना सगळं येत होतं. एकदाच पाहिलेलं, ते त्यांनी असं जपून ठेवलं होतं. त्याही बोलत होत्या: "हं बाई, आता ह्यो हात... लय केलं ह्या हातानं... आता पाठ." मी भिंतीला टेकून पाहत होते. केस विंचरताना त्या मला म्हणाल्या, "भांग मधून का बाजूनं?" मला सांगता आलं नाही. मी भिंतीवरच्या फोटोत पाहून आले.

आम्ही दार उघडलं तेव्हा बाहेरच्या बायका आत आल्या, आत्याचं तोंड पाहून रडल्या. "किती शांत दिसताहेत," म्हणाल्या. कुणीतरी चहा केला. एका बाईनं सारूबाईंचा कप आणला. ती बाई वाईट नाही, माझी आई आजारी होती तेव्हा महिनाभर डबा पाठवायची. तिनं कप सारूबाईंच्या हातात दिला नाही, शेजारच्या स्टुलावर ठेवला. आपण काय केलं हे तिला कळलंही नसावं. सारूबाईंनी तो उचलला आणि प्यायला. सवय असल्यासारखा. ते घर आत्याचं होतं, स्टूल आत्याचं होतं, कपही आत्याचा होता. मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही.

कबरस्थानात पाळक सुंदर बोलले. राहेलबाई म्हणजे चालतंबोलतं शुभवर्तमान होत्या, असं म्हणाले. सगळ्यांनी आमेन म्हटलं, मीही म्हटलं. सारूबाई मागे, लोकांच्या कडेला उभ्या होत्या. महिला मंडळानं आत्याच्या नावानं मुलींसाठी भरतकामाची स्पर्धा घ्यायचं ठरवलं आहे. आत्याला साधी धावदोऱ्याची शिवण सरळ घालता येत नव्हती. पण सभेत ते कुणाला आठवलं नाही, आणि मी गप्प बसले.

दोन महिन्यांपूर्वी कमलताईंच्या सुनेचा फोन आला. कमलताई पहाटे गेल्या होत्या. सून म्हणाली, "आता राहेलआत्या नाहीत... तर कोणाला..." आणि थांबली. मी सारूबाईंकडे गेले. त्या काही न विचारता उठल्या. कमलताईंच्या घरी त्यांनीच अंघोळ घातली, गरम पाण्यानं, अगदी सावकाश. सून पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. निघताना तिनं चहा विचारला नाही. मी म्हणाले, "सारूबाई चहा घेतील. मीही घेईन. आम्ही बसतो." तिनं आधण ठेवलं. आम्ही बसलो.

आता आमच्या मंडळीत हे काम सारूबाई करतात. मी पाणी तापवते आणि ओतते. अंगाला हात लावणं मला अजून जमलेलं नाही.