बेबाबाई, मॅनेजर, बिबड्या

कापडण्याच्या बेबाबाईला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मॅनेजर व्हावं लागलं, आणि तेही एका सोमवारी, दुपारचा चहा उकळेपर्यंतच्या वेळात. तोवर तिचं पदावाचून काही अडलं नव्हतं. चुलीवरचा ज्वारीचा घाटा कधी उतरवायचा हे तिला नुसत्या बुडबुड्यांच्या आवाजावरून कळे. त्या घाट्याची, ओल्या कापडावर तिनं थापलेली बिबडी, म्हणजे ज्वारीचा पापड, वाळली की तिच्यातून पलीकडची माणसं दिसत. गल्लीत तर असं म्हणत की बेबाबाईच्या बिबडीआडून सासूसुद्धा बरी दिसते.

पण लेकाला, ललितला, हे पुरेसं वाटत नव्हतं. तो जळगावला तिसऱ्या मजल्यावर राहायचा. वडील गेल्यापासून दर रविवारी त्याचा फोन ठरलेला. "आई, तुला तिथं काम काय शे? एकटी राहतेस. इकडं चल." त्याचं चूक नव्हतं. पण त्या घराच्या गॅलरीत दोन पंच्यांएवढं ऊन येई, आणि तेही चारला निघून जाई. शेवटी दोघांत ठरलं. वर्षभराचं काम मिळालं तर बेबाबाई गावात राहील. नाहीतर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पेटी घेऊन जळगावला.

तेवढ्यात धुळ्याच्या एका दुकानानं गल्लीतल्या पाच बायकांच्या बिबड्या चाखल्या आणि पावसाळा सोडून वर्षभर माल घेऊ म्हणून निरोप धाडला. अट एकच. एक फॉर्म भरायचा, आणि दुकानाच्या मॅडम येऊन काम बघणार. फॉर्मात प्रत्येकीचं नाव, तिचं पद, तिची जबाबदारी आणि तिचे गुण लिहायचे होते. इंग्रजीत.

गल्लीत इंग्रजीचं खातं सारिकाकडे. ती शेजारच्या घरची सून, बी.कॉम. झालेली, आणि त्याचा उपयोग करायची संधी तिला लग्नानंतर ही पहिलीच मिळाली होती. तिनं फोनवरून शब्द उतरवले आणि बायकांना ओट्यावर बसवून पदं वाटायला घेतली. बेबाबाई मॅनेजर, यावर वाद झाला नाही. भागाबाईला क्वालिटी कंट्रोलर केलं, कारण ती कशालाच चांगलं म्हणत नाही. रत्ना सुपरवायझर झाली. दुसऱ्याचं काम बघत बसायचं असतं हे कळल्यावर तिनं ते पद हट्टानं मागून घेतलं. सारिकानं स्वतःला अकाउंटंट लिहिलं. उरलं हेल्पर. ते धुरपदाबाईंना दिलं, कारण त्या दिवशी त्या बोदवडला बारशाला गेल्या होत्या.

मग गुण. हार्डवर्किंग, ऑनेस्ट, पोलाइट, पंक्च्युअल. पोलाइट म्हणजे गोड बोलणारी, हे ऐकून भागाबाईनं ते आपल्याला लागू पडतं असं जाहीर केलं, आणि ज्या आवाजात जाहीर केलं त्या आवाजापुढं कुणी नाही म्हटलं नाही. रत्ना कुठंही दहाच्या आत पोचलेली नव्हती, तिच्या वाट्याला पंक्च्युअल आलं. बेबाबाईला रिस्पॉन्सिबल मिळालं. चार दिवस ती भाकरी थापताना, दळण आणताना, अंथरुणात पडल्यावर तोच शब्द घोळवत होती. नीट आला तर गाव, नाही आला तर तिसरा मजला, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

शुक्रवारी मॅडम आल्या. मिसबाह नाव, धुळ्याच्या व्यापारी घरातली मुलगी, वय असेल सव्वीस-सत्तावीस. हातात फॉर्म, डोळ्यांवर मोठा चष्मा. त्या दिवशीचं काम धुरपदाबाईंच्या अंगणात मांडलं होतं, कारण तिथं नव्या फरशा होत्या आणि पाहुणीसमोर गावाची इज्जत राहावी असं सगळ्यांना वाटत होतं.

इथंच घोळ झाला. गल्लीची रीत अशी की आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. आणि ज्या घरी काम, त्या घरची बाई त्या दिवशी मालकीण. मग बाकीच्या वयानं मोठ्या असोत की मानानं, ती सांगेल ते करायचं. ही रीत इतकी अंगवळणी पडलेली की कागदावरची पदं घाटा ढवळायला लागताच सगळ्या विसरल्या.

मिसबाह मॅडमना जे दिसलं ते असं. हेल्पर धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभ्या होत्या आणि मॅनेजर बेबाबाईला म्हणत होत्या, "बेबा, जाय, पानी आन." बेबाबाई मुकाट्यानं हंडा उचलून निघाली. सुपरवायझर रत्ना चुलीत काटक्या सारत होती. क्वालिटी कंट्रोलरला तर धुरपदाबाईंनी दोन बिबड्या जाड थापल्या म्हणून पुन्हा थापायला लावल्या होत्या, आणि ती पोलाइट बाई पुटपुटत थापत होती.

मॅडमनी फॉर्म पाहिला, अंगण पाहिलं, पुन्हा फॉर्म पाहिला.

"इथं मॅनेजर कोण?"

"धुरपदाबाई," चौघी एका सुरात म्हणाल्या. त्यातली एक बेबाबाई होती.

"पण यात बेबाबाईंचं नाव आहे. धुरपदाबाई तर हेल्पर आहेत."

"कोन शे हेल्पर?" धुरपदाबाईंनी विचारलं. त्यांना ही बढती आत्ताच कळत होती. सारिका बिबड्यांच्या कापडाकडं एकाएकी फार बारकाईनं बघू लागली.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. "हे बघा, कागद खोटा असेल तर मला पुढं पाठवता येणार नाही."

बेबाबाईच्या हातातला हंडा एकदम जड झाला. तिला ती गॅलरी दिसली. रिस्पॉन्सिबल हा शब्द आठवायला गेली, तर तोही पळालेला. मग तिनं हंडा खाली ठेवला आणि आपल्याला येत होतं तेवढंच बोलली.

"खोटा नही, ताई. तुमच्या कागदात जागा व्हत्या, म्हणून आम्ही त्या भरल्या. आमच्यात असं कुनी कायमचं मोठं नसतं. आज धुरपदाअक्काचं घर, ती सांगेल ते आम्ही करतो. उद्या रत्नाकडं, तर मीबी रत्नाचं ऐकते."

"ऐकते, पण तोंड वाकडं करून," रत्ना म्हणाली.

"आणि माल खराब निघाला तर?" मॅडमनी विचारलं.

"जिच्या घरी झाला तिचं नाव जातं," बेबाबाई म्हणाली. " आखाजीले गावभर होतं, अमकीच्या बिबड्या कडू झाल्या. ते पुढच्या आखाजीपर्यंत पुरतं."

टोपण पुन्हा निघालं. "म्हणजे एका दिवसाचा माल एका घरचा, आणि जबाबदार एकच बाई?"

"हो."

"मला तेच तर हवंय. प्रत्येक घाण्यामागं एक नाव. बाकीच्या ठिकाणी पाच मॅनेजर असतात आणि चूक कुणाचीच नसते." त्यांनी पदांची रांग खोडली आणि वरती लिहिलं, मॅनेजर, ज्या दिवशी जिचं घर. "आता गुण. जिनं तिनं स्वतःबद्दल सांगा."

स्वतःची तारीफ स्वतः करायची, हे कुणालाच कधी जमलं नव्हतं. मॅडमनी बेबाबाईकडं बघितलं.

"तिले नका विचारू," धुरपदाबाई म्हणाल्या. "मी सांगते. हात हलका. तिखट कधी जास्त पडलं नाही. माझ्या आजारपणात माझा बठ्ठा, सगळ्याच्या सगळा माल तिनं करून दिला आणि माझ्याच नावानं धाडला. हट्टी शे, ते लिहू नका."

"लिहा," भागाबाई म्हणाली.

मॅडमनी काय लिहिलं ते बेबाबाईला वाचता आलं नाही. तेल घातलेला गरम घाटा खाऊन, सोमवारी माल न्यायला गाडी पाठवते म्हणून सांगून मॅडम गेल्या. धुरपदाबाईंनी फाटक लावलं आणि सारिकाकडं वळल्या. त्यांच्यात पुढं जे झालं त्यात पोलाइट कुणी नव्हतं.

संध्याकाळी बेबाबाईनं ललितला फोन लावला. काम मिळालं, वर्षभराचं, असं सांगितलं. पलीकडून तो म्हणाला, "खरंच? पोस्ट कोणती?"

"मॅनेजर. पण आठवड्यातून एकच दिवस."

"आणि बाकीचे दिवस?"

"बाकीचे दिवस पानी भरते."

तो हसला. खूप दिवसांनी मोकळा हसला. पेटीसाठी गाडी सांगून ठेवली होती, ती रद्द करतो म्हणाला. बेबाबाईनं फोन ठेवला, अंगणात खाट ओढली आणि भर संध्याकाळी, दिवेलागणीला झोपू नये हे माहीत असूनही, पाय ताणून गाढ झोपली.