खिडकीजवळची खाट

साक्रीकडच्या एका सरकारी दवाखान्यात, अपघात विभागात स्ट्रेचर ढकलायचं काम लोटनभाऊंकडे. बावीस वर्षं झाली. त्यातली निम्मी पेशंटांना आत नेण्यात गेली आणि निम्मी नातेवाइकांना बाहेर काढण्यात, असं ते स्वतःच सांगतात.

आपल्याकडे पेशंट कधी एकटा येतो का? एकाला विंचू चावला की पिकअपमधून पंधरा जण उतरणार. सोबत भाकरींचं गाठोडं, ठेच्याचा डबा, वर कुणाचं तरी तान्हं लेकरू. लोटनभाऊ दारात हात आडवा लावून खेकसायचे आणि लोक खुशाल त्यांच्या काखेखालून आत शिरायचे.

मग दोन हजार वीसचा एप्रिल उजाडला. सगळ्यांना वाटलं, कोरोना आला, आता दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरायची नाही. झालं भलतंच! रोज साठ-सत्तर पेशंट यायचे तिथे चार-पाचांवर आलं. लोटनभाऊंना दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी रिकामं स्ट्रेचर तीनदा पुसलं. आठवडा झाला तेव्हा ते उगाचच सगळ्यांवर डाफरायला लागले.

डॉक्टर जीनत मॅडमचा जीवही थाऱ्यावर नव्हता. गाड्या बंद म्हणून अपघात कमी झाले, हे त्यांना पटत होतं. पण छातीत कळ येणारे कुठे गेले? विंचू काय लॉकडाऊन पाळतात? त्या रोज हेच विचारायच्या, आणि लोटनभाऊ मान हलवायचे.

उत्तर आलं ते लोटनभाऊंच्या थोरल्या बहिणीच्या, सुगंधाअक्काच्या फोनवरून. तिच्या नवऱ्याची, चैत्रामदाजींची, छाती उन्हं वर आल्यापासून आवळून आली होती, डावा हात भरून आला होता. घरच्यांनी वायगोळा समजून ओवा चावायला दिला आणि पोट शेकत बसले. दवाखान्याचं नाव काढलं की दाजी नको म्हणत होते. मॅडमनी ऐकलं आणि लगेच ॲम्ब्युलन्स काढायला लावली. हा हार्ट अटॅकच दिसतोय, जितका उशीर तितकं इंजेक्शन कमी लागू पडणार, असं त्यांनी बजावलं. गाव जेमतेम दोन कोसांवर. लोटनभाऊ ड्रायव्हरशेजारी चढून बसले.

दाजी ओट्यावर बसले होते, घामाने सदरा भिजलेला. गावात बातमी होती की आता दवाखान्यात माणसाला एकट्यालाच आत घेतात, घरच्या कुणाचं तोंडसुद्धा दिसू देत नाहीत. आणि हे चैत्रामदाजी कोण, तर गावात कुणीही आजारी पडलं की आपली भाकरी बांधून सोबत जाणारा पहिला माणूस!

"मरनले मी घाबरस नही, लोटन," ते दम घेत म्हणाले, "पन एकला मराले मी येवाव नही."

लोटनभाऊंनी बावीस वर्षं ज्यांना हाकललं, ती माणसं पेशंटाला काय देत होती ते आज कळलं, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी तिथूनच मॅडमना फोन लावला. मागच्या खिडकीजवळची खाट दाजींना द्यायची. खिडकीपलीकडे तारेचं कुंपण, त्यापुढे मोकळं शेत. माणसं कुंपणाबाहेर बसतील, तोंडं बांधून, लांब लांब.

मॅडम म्हणाल्या, "चालेल. पण तुम्ही आधी त्यांना गाडीत घाला."

खिडकीचं ऐकलं तेव्हा कुठे दाजी उठले. खाटेवर पडल्या पडल्या ईसीजी निघाला, इंजेक्शन सुरू झालं. दाजींची नजर मात्र बाहेर. शेत रिकामं होतं. तास गेला, सव्वा तास गेला. लोटनभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या तोंडाने शब्द देऊन बसलो, आता दाजी उठून चालायला लागले तर?

मग बांधावरून अक्का दिसली. तिच्यामागे एक, दोन, तीन... नाकाबंदी चुकवून, भर उन्हात शेताशेताने अख्खी भावकी चालत आली होती. तोंडाला उपरणी, पदर, एकाने तर टॉवेलच गुंडाळलेला. दाजींनी सगळे मोजले. अकरा भरले. मग क्षीण आवाजात विचारलं, अभिमन कुठे आहे? चुलतभाऊ अभिमन मागे राहिला होता, भाकरींचं गाठोडं त्याच्याच डोक्यावर होतं. तो दिसला तेव्हा दाजी हसले. लोटनभाऊ भिंतीकडे तोंड करून रडले आणि मग तेही हसले.

दुपारी कळ उतरली. दुसऱ्या दिवशी दाजींना धुळ्याला हलवलं, सहाव्या दिवशी ते घरी.

त्याच आठवड्यात लांबच्या पाड्यावरून एक पिकअप येऊन थांबली. साप चावलेली बाई होती. तिचा नवरा खाली उतरून दबकत विचारू लागला, "भाऊ, तो खिडकीना दवाखाना हाऊच शे का?"

"हाऊच शे," लोटनभाऊ स्ट्रेचर पुढे घेत म्हणाले. "किती जन शेतस?"

बिचारा घाबरत घाबरत सात म्हणाला. लोटनभाऊंनी बाईला आत मॅडमच्या हवाली केलं, माठ भरला आणि खांद्यावर घेऊन मागच्या शेतात नेऊन ठेवला.