दाराखालून सरकवलेली किल्ली

फणसवाडीत नात्यातल्याच एका माणसाने मला दोन वर्षे खोलीत कोंडून पापड लाटायला बसवले होते. बाहेर जाताना तो कुलूप घाली. एका हरताळाच्या दिवशी तो कुलूप विसरला आणि मी अनवाणी लालबागपर्यंत पळाले. तिथल्या चाळीत खानावळ चालवणाऱ्या एका मावशींनी मला ठेवून घेतले. पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्यांनी स्वतः खाल्ल्याशिवाय मी घास घेत नसे. बसायची तीही दार मिटू नये म्हणून त्याला पाय अडवून. मावशी हसत, "अगो, तुका इख घालीन तर भाकऱ्यो कोण थापतला?" देवाला हात जोडणेही मी सोडले होते. कोंडलेली असताना रोज हाक मारली, तो आला नव्हता.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. एका दुपारी रस्त्यावर अश्रुधूर सुटला आणि पोलीस चाळीत शिरून खोल्या तपासू लागले. कुलूप दिसले की ते पुढे जात, म्हणून मावशींनी मला आत ढकलून बाहेरून कुलूप लावले. मी दारावर डोके आपटले. तेवढ्यात दाराखालून किल्ली आत आली. "तुझ्याकडेच ऱ्हवांदे. मी जेवणाऱ्यांका बघून येतंय."

तोंडात पदर कोंबून मी बसले. बूट आले, थांबले, पुढे गेले. मावशी मात्र परतल्या नाहीत. किल्ली माझ्या मुठीत आणि कुलूप बाहेर. ती कोणाच्या तरी हाती दिल्याशिवाय सुटका नव्हती. मी उठत होते, बसत होते, रडत होते. मग बाहेरून एका म्हाताऱ्याचा अनोळखी आवाज आला, "बाय, आत कोण रडता? पोलीस गेले. किल्ली असली तर सरकव."

मी किल्ली मुठीत आणखी घट्ट धरली.

"घाई नाय. मी हयच बसतंय."

आणि खरेच बसला. फटीतून त्याची भेगाळलेली टाच दिसत होती. धुराने तो खोकत होता, पण त्याने दाराला हात लावला नाही. कितीतरी महिन्यांनी मी मनात म्हटले, देवा, त्याच्या नाही, तुझ्या हातात देते. तरी किल्लीवरून बोटे सुटेनात. शेवटी सुटली, आणि मी किल्ली दाराखालून सरकवली.

कुलूप उघडल्याचा आवाज झाला. त्याने दार लोटले नाही, मीच उघडले. कुलूप आणि किल्ली उंबरठ्यावर होती, तो जिना उतरत होता. "आता कडी आतून लाव गो," मागे न बघता म्हणाला. संध्याकाळी मावशी आल्या, त्यांना नाक्यावर अडवले होते. त्यांना विचारले, चाळीत विचारले. तो कोण, कोणालाच ठाऊक नव्हते.

त्या दिवशी मावशींच्या आधी मी घास घेतला. दार बंद झाले की अजून छाती धडधडते. पण देव आला नव्हता असे आता म्हणवत नाही. तो बाहेर बसला असेल, आणि माझीच मूठ मिटलेली असेल. रोज जेवायला बसताना त्या भेगाळलेल्या टाचेला मनात नमस्कार करते, मग भाकरी मोडते.