रश्शात पडला उजेड

मटणाच्या पातेल्यात दिवे लागलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. आधी तांबडे, मग हिरवे, मग निळे.

आमचं घर विंझरला, रस्त्याला लागून. पुढे माझं वह्या-पेनांचं दुकान, मागे स्वयंपाकघर. ओट्याच्या वर आम्ही हौसेने कपाटं करून घेतली आणि त्याच दिवशी ओट्यावर अंधार पडला. ट्यूब मागच्या भिंतीला, मध्ये बायको आणि पुढे ओटा! सुनंदा बिचारी स्वतःच्याच सावलीत भाजी चिरायची. मोबाईलचा टॉर्च मिठाच्या बरणीला टेकवून फोडणी द्यायची, आणि नेमका मोहरी तडतडताना कुणाचा तरी फोन यायचा.

“आवं, कपाटाखाली लावायची लायटीची पट्टी मिळती,” ती एकदा म्हणाली. “शिवऱ्याला दाजींनी बसवलीय. ताईच्या ओट्यावर मोहरीचा दाणा पडला तरी दिसतो.”

दाजी म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे साडू. हा माणूस आमच्याकडे पाहुणा म्हणून येतो आणि चहा उकळेपर्यंत आमच्या दाराची बिजागरी घट्ट करून ठेवतो. अशा साडूबरोबर संसार करणं किती कठीण असतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक!

“दाजींना सांगू का?” सुनंदाने विचारलं.

“का? मी काय मेलोय?”

“मग आखाडाच्या रविवारी ती दोघं मटणाला येणार हायत. तवर तुमी बसवली तर बसवली. न्हाईतर जेवण झाल्यावर दाजींच्या हातात पक्कड देते. मग तोंड पाडून बसायचं न्हाई.”

आता प्रश्न नुसत्या उजेडाचा राहिला नव्हता. प्रश्न अब्रूचा होता!

मी भोरला जाऊन पट्टी आणली. सुनंदाने साधी पांढरी सांगितली होती. पण रिमोटने रंग बदलणारी दिसली की भल्याभल्यांचा तोल जातो. पट्टीच्या पाठीला चिकट कागद होता. मी स्टुलावर चढलो, कागद सोलला, पट्टी कपाटाच्या तळाला दाबली आणि ऐटीत खाली उतरलो. माझ्या पाठोपाठ पट्टीही उतरली. पुन्हा लावली. पुन्हा उतरली, यावेळी माझ्या गळ्यात.

“आई,” मला शंका आली, “कपाटाला हात लावला होतास का?”

“लावला की!” आई अभिमानाने म्हणाली. “पावणं येणार म्हणून समदी कपाटं खोबरेलानं पुसून घेतली. वरून, खालून, आतून. लाकडाला तेल पाजावं लागतं, बाबा.”

(ते लाकूड नव्हतं, सनमायका होता. त्याने एक थेंबही प्यायला नव्हता.)

कुठल्याही शहाण्या माणसाने ते तेल साबणाने धुतलं असतं. मी ते जुन्या बनियनने पुसलं, म्हणजे जिथे तेल कमी होतं तिथेही नीट पोहोचवलं. मग आईलाच दया आली.

“अरं, भात लाव. आमच्या येळंला पतंग, लग्नपत्रिका, देवाचं फोटू, समदं भातानंच चिकटायचं. गुंजवण्याच्या पावण्यांनी धाडलेला इंद्रायणी हाय घरात. दोन घास खाल्लं तर ओठ सुटत न्हाईत!”

मी, ज्याच्या दुकानात डिंकाच्या बाटल्यांची अख्खी फळी आहे, त्या मी हे ऐकलं आणि मला ते पटलं!

ऊन ऊन भात खलबत्त्यात कुटला. त्याची अशी काही खळ झाली की बत्ता वर उचलला तर खल सोबत यायचा. ती कपाटाच्या तळाला थापली, वर पट्टी बसवली आणि खालून लाटणं, तांब्या, तुपाची बरणी, दोन पाट असा टेकूंचा डोलारा उभा केला.

“आता सैपाक कुठं करू? तुमच्या डोक्यावर?” सुनंदाने विचारलं. त्या दिवशी आम्ही वडापाव खाल्ले.

दुसऱ्या दिवशी टेकू काढले. पट्टी जागच्या जागी! ओटा असा उजळला की सुनंदा चक्क हसली. मी मात्र वाहवत गेलो. दुकानात वही घ्यायला आलेल्या माणसालाही आधी स्वयंपाकघर दाखवून आणू लागलो. शिवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला आणि साडूंना म्हणालो, “या रविवारी. पक्कड घरीच ठेवा!”

रविवार उजाडला. बाहेर पावसाची झड, आत मोठ्या पातेल्यात मटण रटरटतंय. साडू आले, मेव्हणी आली. मी पाणीसुद्धा न विचारता साडूंना थेट ओट्यापुढे उभं केलं आणि रिमोटचं बटण दाबलं.

साडूंनी मान वाकडी करून कपाटाखाली बराच वेळ पाहिलं.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “लायटिंग चालतं हाय की ओ!”

“चालतंय ना! म्हणूनच तर बोलावलं.”

“तसं न्हवं. ह्ये आपल्या पायानं चालतंय.”

मी वाकलो. पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मुंग्यांची दिंडी चालली होती. पावसाळ्यात आधीच घराच्या आसऱ्याला आलेल्या आणि आता इंद्रायणी भाताचं आमंत्रण! प्रत्येक मुंगीच्या डोक्यावर भाताचा एकेक कण, आणि वरून रंगीत रोषणाई. एवढा थाट आमच्या लग्नातसुद्धा नव्हता.

“त्या काय, जातील,” मी म्हणालो. “पण पट्टी बघा. तसूभर हलणार नाही.”

तेवढ्यात सुनंदाने रस्सा ढवळायला झाकण काढलं. वाफेचा लोट सरळ वर गेला आणि माझ्या लक्षात न आलेली एक साधी गोष्ट त्या भाताच्या लक्षात आली. भात वाफेवर परत शिजला! एका टोकाने पट्टी सुटली, मग सरसर सुटत गेली आणि माळ घालावी तशी मुंग्यांसकट, भातासकट पातेल्यात उतरली.

पण विझली नाही! वरून प्लास्टिकचं आवरण होतं ना! रश्शाच्या आतून तांबडा उजेड येऊ लागला. मटणातल्या नळ्या चमकल्या.

“बंद करा!” सुनंदा ओरडली. मी घाबरून रिमोट दाबला. रस्सा हिरवा झाला. पुन्हा दाबला. निळा!

“अगं बाई, मटणाला भूत लागलं!” आईने हात जोडले.

सुनंदाने भिंतीवरचं बटण बंद केलं. रस्सा काळोखला. आखाडाचं मटण होतं ते! श्रावण तोंडावर आलेला. मागच्या अंगणात दोन कुत्री आली आणि त्यांचा आखाड झाला. आम्ही साडूंना पिठलं-भात वाढला. भात इंद्रायणीच. कुणीच काही बोललं नाही. (ओठ सुटत नव्हते.)

जेवण झाल्यावर साडूंनी हात पुसले. “पट्टीच्या खोक्यात स्क्रूवाल्या बारक्या क्लिपा असत्यात. त्या कुठं हायत?”

“त्या... मला वाटलं पट्टीवर फुकट मिळालेली भेट आहे,” मी म्हणालो. “दुकानात टांगल्यात. विकायला.”

सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं, की मी क्लिपा घेऊन पळतच परत आलो. मग तिने स्वतः कपाटांचा तळ साबणाने घासला, पुसून कोरडा केला. पट्टी धुतली, टॉवेलमध्ये गुंडाळून टिपली. साडूंनी एकेक क्लिप स्क्रूने आवळली. मी स्टूल धरलं. (स्टूल मी उत्तम धरतो.)

बटण दाबलं. ओट्यावर स्वच्छ उजेड पडला आणि पट्टी साडूंनी ओढून पाहिली तरी जागची हलली नाही.

सुनंदा एक क्षण डोळे भरून ओट्याकडे बघत राहिली. मग तिने कांद्याची टोपली माझ्यापुढे सरकवली.

“घ्या. हितं आता सगळं लख्ख दिसतंय.”

“मला कुठं येतंय चिरायला?”

“यील की. उजेड तुमीच तर आणलाय!”

तेव्हापासून आमच्याकडे कांदा मी चिरतो. तो जाड-बारीक झाला तर ‘अंधारात दिसलं नाही’ असं म्हणायची एकच सोय होती. ती मी स्वतः, स्टूल धरून, कायमची स्क्रूने बंद करून घेतली आहे.