प्रमोदचं काहीच अडलं नव्हतं

दोन हजार सात-आठची गोष्ट. वर्ध्याला बोरगाव मेघेत आमचं सहा जणांचं छोटं सॉफ्टवेअर ऑफिस होतं आणि मी टीम लीड. नुकताच पुण्याहून अजाईल नावाच्या कामाच्या नव्या पद्धतीचं ट्रेनिंग घेऊन आलो होतो, त्यामुळे अंगात भलताच उत्साह संचारला होता…

आल्या आल्या रोज सकाळी दहाची स्टँडअप मीटिंग सुरू केली. सगळ्यांनी गोल उभं राहायचं आणि सांगायचं… काल काय केलं, आज काय करणार आणि कुठे अडलंय.

मीटिंग रटाळ होऊ नये म्हणून एक नियम मी माझ्या डोक्याने वाढवला. ज्याचं अडलं, त्याने सगळ्यांसाठी आलुबोंडे आणायचे! वर त्याची यथेच्छ खेचायची, आणि खेचण्यात मीच सगळ्यात पुढे… पुण्यात हे कोणी शिकवलं नव्हतं.

हळूहळू कोणाचंच काही अडेनासं झालं. मी येडा, ती माझी कमाल समजत होतो.

प्रमोद आमच्यातला सगळ्यात शांत. आर्वीकडच्या रोहणा गावचा, वर्ध्यात खोली करून राहायचा. एका आठवड्यात त्याला ऐन मीटिंगमध्ये रोज फोन यायला लागला आणि तो रोज कट करायचा. शनिवारी आमची क्लायंटला सॉफ्टवेअरची डिलिव्हरी होती.

बुधवारी मी म्हटलं, "काय प्रमोद, लग्नाची बोलणी वाटतं?" सगळे खदखदून हसले. तोही हसला… आणि म्हणाला, "काई नाई अडलं सर."

शुक्रवारी तो आला नाही. दुपारी त्याच्या मोठ्या भावाचा ऑफिसात फोन आला… आई गेली. आठवडाभर कावीळ वाढत होती आणि ते रोजचे फोन प्रमोदला बोलावायला होते. पहाटे तो निघाला, पण पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

तेरवीला मी रोहण्याला गेलो. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "अरे, एका शब्दाने सांगायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं का?"

तो खाली बघत म्हणाला, "रोज सांगाचं ठरवूनच येत होतो सर. पन तुम्ही सारे हासून राह्यले होते… मंग वाटे, आता यात मायचं कायले काढू."

आवाजात राग अजिबात नव्हता. असता तर बरं झालं असतं.

जेवायला बसलो. त्याचा भाऊ स्वतः वाढत होता. मी कोण हे कळल्यावर तो साधेपणाने म्हणाला, "माय रोज पुसे, पोरगा काऊन येत नाई. आमी म्हनो, सायबानं सुटी देली का येते."

माझ्याकडे कोणी सुटी मागितलीच नव्हती… पण मागता येऊ नये अशी सोय मीच करून ठेवली होती. ती बाई वाट बघत गेली, आणि तिच्या लेखी सुटी न देणारा साहेब मी होतो.

आज मी कंपन्यांमध्ये जाऊन टीममध्ये मोकळेपणाने कसं बोलावं हे शिकवतो. लोक टाळ्याही वाजवतात. प्रमोदची माफी मात्र त्या दिवशी मागता आली नाही आणि नंतर धीर झाला नाही.

तो हे वाचेल की नाही, माहीत नाही… प्रमोद, तुझी आई विचारत होती तेव्हा तुला तिथे असायला हवं होतं. चुकलं रे माझं.